धुळाप्पानं बुजवलेली भेग

धुळाप्पाला वाडीत आता कुणी नावानं हाक मारत नाही. अध्यक्ष म्हणतात. म्हणताना निम्मी माणसं गालात हसतात, ते त्याला कळतं, पण राग धरायचाही त्याला कंटाळा आलाय.

हा अध्यक्ष कारखान्याचा नव्हे, सोसायटीचा नव्हे. जिल्हा परिषदेच्या चौथीपर्यंतच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीचा. जन्मभर मेंढरं राखलेला माणूस शाळेचा अध्यक्ष कसा झाला म्हणाल, तर पालकांच्या सभेत झाला. लेक आणि सून चाकणला कंपनीत, नात समृद्धी आजा-आजीपाशी, म्हणून पालक म्हणून हाच गेला. अध्यक्ष कोण होणार, असं रामहरी गुरुजींनी विचारलं तेव्हा सगळ्यांनी माना खाली घातल्या. ह्या बिचाऱ्याला ते सुचलं नाही. झालं! टाळ्या वाजल्या, चहा आला, आणि हे लचांड गळ्यात पडलं ते पडलंच.

वाडी माकणीच्या पुढं, धरणाच्या अंगाला. शाळा म्हणजे भूकंपानंतर बांधलेल्या दोन खोल्या, आणि पाया काळ्या रानात. उन्हाळ्यात तसलं रान तडकतं आणि वरच्या भिंतींनाही फाडत नेतं. एका खोलीचे पत्रे वादळात गेले, ती तेव्हापासून बंद. दुसरीच्या मागच्या भिंतीला वरपासून जोत्यापर्यंत भेग. आधी तिच्यात मुंगी जायची, मग पेन्सिल जायला लागली, मग पोरं तिच्यात खडू लपवायला लागली. एक दिवस धुळाप्पानं त्या भेगेत बोटं घालून बघितली आणि तिथल्या तिथं गुरुजींना सांगितलं, "उद्यापासनं लेकरं मारुतीच्या देवळात बसवा गुरुजी. इथं न्हाय."

तशी शाळा देवळात भरायला लागली. आता देवळातली शाळा ती काय शाळा! गुरुजी बेचा पाढा सांगणार, तेवढ्यात कुणीतरी येऊन घंटा बडवणार. शनिवारी तेल घालायला बायकांची रीघ. कुणी नारळ फोडला की तिसरी-चौथीचा सगळा अभ्यास खोबऱ्याकडं. फळा देवळाच्या खांबाला टेकवलेला, तो वाऱ्यानं दिवसातून दोनदा आडवा व्हायचा. पण डोक्यावर दगडी छत होतं आणि तीन बाजू मोकळ्या होत्या. पळायला जागा होती.

मग धुळाप्पाच्या धाराशिवच्या खेपा सुरू झाल्या. एसटीनं लोहारा, लोहाऱ्याहून धाराशिव. तालुक्याला विचारलं की म्हणायचे, प्रस्ताव जिल्ह्याला गेलाय. जिल्ह्याला विचारलं की म्हणायचे, तालुक्याकडून आलाच नाही. मार्चच्या आधी गेलं की निधी संपलेला, मार्चनंतर गेलं की निधी यायचाय. मधला एखादा मुहूर्त असला तर तो धुळाप्पाला कधी गावला नाही. एकानं तर समजूत काढली, "बाबा, जिल्ह्यात तुमच्यासारख्या शाळा कितीतरी आहेत." आता हे काय समाधान झालं? कितीतरी आहेत म्हणजे घाई जास्त पाहिजे की नको? पण धुळाप्पा असं काही बोलायचा नाही. त्याला भाषण येत नव्हतं. प्रत्येक टेबलापुढं तो एकच वाक्य म्हणायचा, "सायेब, एकदा या आन भीत बघा."

आमदारांच्या माणसाला सांगून झालं, सभापतींच्या दारात बसून झालं, ग्रामसभेचा ठराव करून झाला. परतीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकलं की त्याला वाटायचं, बस झालं, सोडून द्यावं. गुडघे दुखतात, मेंढरं बायकोच्या, नागूबाईच्या गळ्यात पडतात, आणि मिळतं काय, तर "पुढच्या आठवड्यात बघू". घरी पोचलं की नागूबाई सुरू व्हायची. "कुणाची शाळा, आन चपला कुणाच्या झिजायल्यात! तुमास्नी दुसरं काय कामच न्हाय व्हय?" तोंडानं हे चालू असायचं आणि पुढच्या खेपेला पहाटे उठून भाकरी-ठेचाही तीच बांधून द्यायची.

अशात शिक्षण विभागात एक नवीन बाई आल्या. त्यांनी धुळाप्पाला खुर्ची दिली. खुर्ची! त्यालाच संकोच वाटला, तो कडेला टेकला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "धोकादायक वर्गखोल्यांची यादी आता वर जाणार आहे, बाबा. गुरुवारी इंजिनिअर पाहणीला पाठवते. भिंत धोक्याची आहे असं त्यांनी लिहून दिलं, की दोन नव्या खोल्यांसाठी निधी मागता येईल. यंदा राहिलं तर मग पुढं काही सांगता येत नाही."

धुळाप्पा वाडीत आला तो तरणा होऊन आला. पारावर उभं राहून त्यानं बाईंचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. पण वाडीनं काय धरलं, तर साहेब येणार! त्या वाडीत शाळा आणि मतदानाची पेटी सोडली तर सरकारी म्हणून कधी काही आलं नव्हतं. खोल्या मंजूरच झाल्या, आता फक्त बघायला येणार, असं ज्यानं त्यानं ठरवून टाकलं. रामहरी गुरुजी त्याच आठवड्यात लोहाऱ्याला प्रशिक्षणाला गेलेले. ते असते तर एका शब्दात सगळ्यांना थांबवलं असतं. पण नव्हते.

बायकांनी शाळेचं अंगण सारवलं. बसप्पा म्हणून वाडीतला एक तरणा गडी, त्याच्या नव्या घराचं सिमेंट उरलं होतं, ते त्यानं डोक्यावर घेऊन आणलं. कुणी चुना आणला, कुणी उरलेला रंग. देवळातली लेकरं तर वेडीच झाली. तोपर्यंत भिंतीवर काढलं की मार मिळायचा, आणि आता थोरलेच ब्रश हातात देऊन म्हणायला लागले, काढा काय काढायचं ते.

धुळाप्पा एकदा म्हणाला, "भेग तेवढी राहू द्या की. तीच तर दावायची हाय."

"कायतरीच!" नागूबाई कडाडली. "पावणा दारात आन फाटकं लुगडं नेसून फुडं जायचं? वाडीची अब्रू हाय का न्हाय? सायेब म्हनल, ह्यांना हायती त्या खोल्या नीट ठिवता येईनात, आन नव्या कशाला पायजेत!"

सगळ्यांना ते पटलं. खरं सांगायचं तर धुळाप्पालाही पटलं. पाहुणा आला की घर झाडायचं, फुटकं मडकं आड करायचं, हे त्याला लहानपणापासून माहीत. सरकारी पाहणीपुढं कसं वागायचं ते त्याला शिकवलं कुणी होतं? थापी त्यानंच हातात घेतली. दुसऱ्यानं केलं तर वेडंवाकडं करतील म्हणून जोत्यापासून वरपर्यंत सगळी भेग आतून-बाहेरून स्वतः बुजवली आणि हात फिरवून अशी गुळगुळीत केली, की बसप्पा म्हणाला, "अध्यक्ष, गवंडीच व्हायला पायजे होताव तुमी." वर चुना दिला. तो वाळल्यावर समृद्धीनं बरोबर तिथंच हातभर रुंदीचं सूर्यफूल काढलं, खाली लांब हिरवा दांडा. दांडा भेगेवरनंच गेला, कारण चुन्याखालून सिमेंटची सरळ रेघ तिला तिथंच दिसली. शेजारी कुणी पोपट काढला, कुणी झेंडा.

गुरुवारी इंजिनिअर आले. पोरगेलेसे, भले वाटले. फेटा बांधला, शाल दिली, लेकरांनी स्वागतगीत म्हटलं. साहेब खोलीत गेले आणि दारातच थांबले. "वा! अहो, अशी शाळा ठेवलेलं गाव मी बघितलं नाही." त्यांनी सगळ्या भिंतींचे फोटो काढले.

त्या फोटोंत भेग कुठंच नव्हती. तेव्हा कुठं धुळाप्पा पुढं सरला.

"सायेब, भीत आतनं फाटलीया."

"कुठं?"

धुळाप्पानं सूर्यफुलाकडं बोट केलं. साहेबांनी बोटानं टकटक केली. सिमेंट ताजं, आवाज भरीव. "ही तर दुरुस्त केलीय की."

"आमीच केली सायेब. वरनं वरनं केली. तुमी यायचं म्हनून."

साहेबांनी त्याच्याकडं बघितलं. त्यांनाही वाईट वाटलं असणार, नाही असं नाही. "बाबा, मला फोटो जोडावे लागतात. ह्या फोटोवर धोकादायक लिहिलं तर वर मलाच विचारतील." मग त्यांनी चहा घेतला, आणखी दोन वाड्या करायच्या होत्या म्हणून निघाले. गाडी दिसेनाशी होईस्तोवर वाडी हात हलवत होती. एकटा धुळाप्पा पायरीवर बसून राहिला.

पुढं व्हायचं तेच झालं. यादी गेली, त्यात वाडी नव्हती. ते एक वेळ ठीक. पण त्याच्या मागोमाग आदेश आला, की इमारत दुरुस्त आणि वापरण्यायोग्य असताना वर्ग मंदिरात भरवू नयेत. रामहरी गुरुजी तो घेऊन धुळाप्पाच्या घरी आले. अंगणात उभेच राहिले.

"अध्यक्ष, सोमवारपासून लेकरं आत बसवावी लागतील. माझा इलाज नाही. नोकरीवर बेतेल."

धुळाप्पानं मान हलवली. बाईंना फोन लावला तर त्या म्हणाल्या, अहवाल आलाय बाबा, आता मी काय करू? त्याही खोटं बोलत नव्हत्या. कुणीच खोटं बोलत नव्हतं. एक भिंतच तेवढी खोटी होती, आणि ती त्यानं स्वतःच्या हातानं केली होती.

समृद्धी मात्र घरभर नाचत होती. "आबा, आमी आता आमच्या रंगाच्या शाळंत बसनार! माझ्या फुलाखाली मीच बसनार हाय. म्या गुरुजीला सांगून ठिवलंय!"

धुळाप्पानं पुढचं ताट बाजूला सारलं. भूकंपाच्या वर्षी गौरी-गणपतीला त्याच्या बापानं असंच घर लख्ख केलं होतं. दगडमातीच्या भिंतीची ढासळलेली अंगं मातीनं लिंपून वर पांढरी माती फिरवली होती, आणि धाकट्या बहिणीनं त्या भिंतीवर गेरूनं गौरीची पावलं काढली होती. गणपती बोळवले आणि लगेच ती पहाट आली. बहीण सापडली ती त्याच भिंतीखाली. हे तो कुणापाशी बोलायचा नाही. नागूबाईला ठाऊक होतं, तीही बोलायची नाही. त्या दिवशी मात्र ती म्हणाली, "म्याच म्हनले होते, फाटकं लुगडं..." आणि पदर तोंडाला लावला.

"तू म्हनलीस, केलं म्या," धुळाप्पा म्हणाला.

सोमवारी लेकरं नटूनथटून शाळेत आली. गुरुजींनी कुलूप काढलं, पण आत पाऊल टाकायच्या आधीच धुळाप्पा खांद्यावर पहार घेऊन आला. कुणाला काही समजायच्या आत तो आत गेला आणि दांड्याच्या मधोमध पहार घातली.

"आबा! काय करायलाव? आबा, माझं फूल!"

"गुरुजी, तिला धरा. कुनाला आत येऊ दिऊ नगा."

थकलेला माणूस, पण पहार चालत होती. सिमेंटची वरची साल सुटायला लागली आणि बघता बघता अख्खं सूर्यफूल जमिनीवर आलं. पोपट गेला, शेजारचा झेंडा अर्धा गेला. आत भेग होती तशीच होती. नव्हे, वाढली होती. धुळाप्पानं हात घातला, तो कोपरापर्यंत आत गेला, आणि मागं जाऊन बघणाऱ्यांना बाहेरची साल फोडून आलेली त्याची बोटं दिसली.

"काढा फोटू," तो म्हणाला.

गुरुजींनी फोटो काढला. मग हळूच म्हणाले, "अध्यक्ष, सरकारी मालमत्ता आहे. ती मोडली असं मला लिहावं लागेल. तुमचं नाव द्यावं लागेल."

"लिवा. धुळाप्पानं मोडली म्हनून लिवा. सुवाच्य लिवा, म्हंजी धाराशिवच्या समद्यांना वाचता येईल."

कुणी हसलं नाही. गुरुजींनी फळा उचलला आणि ते देवळाची वाट धरून चालायला लागले. लेकरं बसायच्या पट्ट्या बगलेत मारून त्यांच्या मागं निघाली. समृद्धी सगळ्यांच्या शेवटी होती. "आबानं आमची शाळा मोडली," असं ती प्रत्येकाला सांगत होती, आणि प्रत्येकाला सांगताना नव्यानं रडत होती. धुळाप्पा तिच्या डोक्याला हात लावायला गेला, तर तिनं तो झिडकारला आणि पळत पुढं गेली.

तो पहार टेकून उभा राहिला. पुन्हा लोहारा, पुन्हा धाराशिव, पुन्हा तीच टेबलं, आता वर चौकशीही. देवळाकडून तिच्या रडण्याचा आवाज येत होता. तो त्यानं बराच वेळ ऐकला. रडायली होती, पण देवळात बसून रडायली होती.