पुंगळ्यांना दिलेला ताव

बार झाला आणि अरबाब बंदूक टाकून कुशीवर कलंडला. त्याचा चेहरा काळा झाला होता आणि त्या काळ्यातून लाल येत होतं. माझा मुलगा त्याच्या उजव्या बाजूला गुडघ्यावर बसला होता. तो पडला नाही. त्याने मानेला हात लावला, हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. बोटांच्या फटीतून रक्त ठोक्याठोक्याला उडत होतं.

मी गेले आणि त्याच्या मानेत अंगठा घातला. दुसरं काही सुचलं नाही. नळाचा वायसर गेल्यावर दाबून धरतात तसं दाबून धरलं. अंगठ्याखाली काहीतरी कडक लागत होतं. ते बंदुकीचं तुटलेलं लोखंड होतं, हे नंतर कळलं.

ड्रायव्हर पेशावरकडचा पठाण. त्याने आधी अरबाबला, म्हणजे मालकाला उचललं, पुढच्या सीटवर टाकलं, मग आम्हां दोघांना मागे कोंबलं.

"अम्मा, हाथ नहीं हटाना. मर जाएगा."

"तू गाडी चालव," मी म्हटलं. मराठीतच म्हटलं. त्याला कळलं.

वाळूतला रस्ता होता. गाडी उसळायची आणि माझा अंगठा सरकायचा. मुलाचे डोळे उघडे होते. त्याला बोलायचं होतं, पण तोंडातून नुसता फेस यायचा. मी त्याला गप्प बस म्हणून दोनदा ओरडले. पुढे अरबाब आपल्या भाषेत देवाचं नाव घेत होता, मध्येच थांबून हिंदीत विचारत होता, "लड़का ज़िंदा है?"

"है," मी सांगत होते.

हे कशामुळे झालं ते त्या गाडीत फक्त मला माहीत होतं.

मुलगा आखातात, उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात एका वर्कशॉपमध्ये टर्नर आहे. लेथवर त्याचा हात चांगला आहे. वर्कशॉपचा मालक तो हा अरबाब. साठीचा माणूस, परवान्याच्या बंदुका बाळगणारा, नेमबाजीचं वेड असलेला. त्याला एक खूळ लागलं होतं. काडतुसाच्या मोठ्या पुंगळीत बारीक गोळी बसवायची. बारूद मोठ्या पुंगळीतलं आणि गोळी हलकी, म्हणून ती लांबवर सरळ जाते, असं मुलाने मला सांगितलं. तशी पुंगळी बाजारात मिळत नाही. मोठीच घ्यायची आणि तिची मान आवळून बारीक करायची. बंदूक त्याच्या बापाच्या वेळची, जुनी. त्या मापाची नळी तेवढी त्याने बाहेरून करून आणली होती. मान आवळायचे साचे माझ्या मुलाने बनवले, तीन, एकापेक्षा एक बारीक.

साचे उत्तम झाले होते. पण तिसऱ्या साच्यातून निघालेल्या पुंगळ्यांच्या तोंडाला चिरा जायच्या. मुलगा खराब झालेल्या पुंगळ्या खिशातून घरी घेऊन आला आणि ओट्यावर ठेवून त्यांच्याकडे बघत बसला. मी एक उचलली.

"हे पितळ मार खाऊन ताठ झालंय," मी म्हटलं. "ताव न देता पुढे दाबलंस तर फाटणारच."

"तुला काय कळतं गं यातलं?"

"काडतुसातलं नाही कळत. पितळेतलं कळतं."

माझे वडील तांबट होते. चौथीनंतर माझी शाळा बंद झाली, ती भट्टीचा भाता ओढायला. पातेलं ठोकलं की कडक होतं, मग ताव द्यायचा, म्हणजे ते लाल करायचं, पाण्यात टाकायचं, पुन्हा ठोकायचं. लाल करायचं म्हणजे अख्खं. भांडं अर्धं लाल नि अर्धं काळं राहिलं तर वडील शिव्या घालायचे, कारण ते त्या सीमेवरच फाटायचं. हे मी दहा वर्षांची असताना शिकले आणि त्यात मला कधी शंका आली नाही.

मुलाने अरबाबला विचारलं. अरबाब म्हणाला, अम्मा बरोबर आहे, ताव द्यायलाच हवा, पण फक्त मानेला. त्याने रीत दाखवली. ट्रेमध्ये पाणी घालायचं, पुंगळ्या त्यात उभ्या करायच्या, माना तेवढ्या पाण्याबाहेर. मानेवर गॅसच्या टॉर्चची ज्योत धरायची आणि रंग बदलला की पुंगळी पाण्यात आडवी पाडायची. खालचा भाग गार राहिला पाहिजे.

"का?" मी मुलाला विचारलं.

"सगळा जोर बुडावर येतो. बूड मऊ पडलं तर ते फाटून बंदूकच फुटते, संपलं."

त्याने सांगितलं होतं. मी ऐकलं होतं. न सांगितल्यामुळे हे झालं असं मला म्हणता येणार नाही.

पन्नास पुंगळ्या होत्या. शनिवारी त्याने बाल्कनीत ट्रे मांडला आणि वीस केल्या. तेवढ्यात फुजैरा बंदरातून फोन आला, तिथे कसला तरी पंप अडकला होता. तो गेला. सून नातीला घेऊन शारजाला गेली होती. मी ट्रेपाशी बसून त्या वीस पुंगळ्या बघितल्या. मानेला निळसर-पिवळा पट्टा आणि खाली कोरं पितळ. मला ते काम अर्धवट वाटलं. पट्ट्याशी फाटतील, असं मनात आलं. वडिलांचा आवाजही ऐकू आला म्हणा.

उरलेल्या तीस मी स्वयंपाकघरात नेल्या. पापडाची जाळी गॅसवर ठेवली, चार-चार पुंगळ्या आडव्या ठेवून चिमट्याने फिरवल्या, अख्ख्या लाल केल्या आणि पातेल्यातल्या पाण्यात सोडल्या. मग एक ओट्याच्या कडेवर आपटून बघितली. कडक पितळ टणकन वाजतं. ही थप्प वाजली. झाली मऊ, म्हणून मला बरं वाटलं.

काळ्या पडल्या होत्या म्हणून चिंच आणि मीठ लावून घासल्या. आणि तीसच कशाला, त्या वीसही घासल्या. पितळ घरात आलं की ते चकाकलं पाहिजे, ही माझी सवय. पन्नासच्या पन्नास ताटात उपड्या घातल्या. संध्याकाळी नात आली आणि म्हणाली, "आजी, सो शायनी! कॅन आय हॅव वन?" मी तिला हात लावू दिला नाही.

मुलगा दमून आला. ताट बघून हसला.

"चिंचेने घासल्यास? अगं, काडतुसं आहेत ती. दिवाळीची समई आहे का?"

"उरलेल्याही मी करून टाकल्या."

तो हसायचा थांबला. "पाण्यात उभ्या करूनच ना?"

"हो," मी म्हटलं.

एवढंच. त्या वेळी मला ते खोटं मोठं वाटलं नाही. नाही म्हटलं असतं तर त्याने सगळ्या फेकून दिल्या असत्या, माझी दुपार फुकट गेली असती आणि वर ऐकून घ्यावं लागलं असतं. आणि माझं बरोबर आहे याची मला खात्री होती.

पुढच्या रविवारी अरबाबने आम्हांला मझरावर बोलावलं. मझरा म्हणजे आत वाळूत त्याची शेती, खजुराची झाडं आणि शेळ्या. सून आली नाही, मी गेले. पुंगळ्या आवळून, बारूद-गोळी भरून झाल्या होत्या. अरबाबने एक उन्हात धरली आणि म्हणाला, "अम्मा ने तो सोना बना दिया!" मी खूश झाले.

पहिले तीन बार त्यांनी बंदूक लाकडी घोडीला बांधून, लांबून दोरीने ओढले. तीनही नीट झाले. अरबाबने रिकाम्या पुंगळ्या भिंगाखाली बघितल्या आणि मुलाची पाठ थोपटली. त्या तीन मुलाच्या विसांतल्या असणार. मग अरबाब स्वतः बंदूक घेऊन चटईवर पालथा झाला, डोळ्यांना गॉगलही लावला नाही. मुलगा उडालेली पुंगळी उचलायला उजवीकडे बसला. चौथी माझी होती.

हॉस्पिटलमध्ये नर्सने माझा अंगठा सोडवला तेव्हा तो वाकेना. मुलाला आत नेलं. रात्रभरात एक ऑपरेशन झालं. लोखंड निघालं. डॉक्टर म्हणाले, शीर शिवली आहे, पण जखम चिघळली तर आमच्या हातात नाही. तिसऱ्या दिवशी ती चिघळली. पाचव्या दिवशी पुन्हा आत नेणार होते. डॉक्टरांनी सुनेला बाजूला घेऊन काय सांगितलं ते तिने मला सांगितलं नाही. तिचा चेहरा बघून कळलं.

त्याआधी मला दहा मिनिटं आत सोडलं. घशात नळी होती. त्याने फोनवर लिहून माझ्यापुढे धरलं. मी सावकाश वाचलं. "साचा चुकला का?"

पाच दिवस तो हाच विचार करत पडला होता.

"साचा बरोबर होता," मी म्हटलं. "मी त्या तीस जाळीवर अख्ख्या लाल केल्या. तू विचारलंस तेव्हा खोटं बोलले."

त्याने डोळे मिटले. मला वाटलं, आता उघडणार नाही. मग पुन्हा लिहिलं. "कुणाला सांगू नकोस."

त्याला आत नेलं आणि मी वरच्या मजल्यावर अरबाबच्या खोलीत गेले. अर्ध्या तोंडाला बँडेज होतं. त्याने उठून बसायचा प्रयत्न केला.

"लड़का कैसा है?"

"अंदर लिया है. मालूम नहीं." मी उभीच राहिले. "साब, वो मैंने किया. पूरा लाल किया. बाद में चिंच से घिसा."

त्याने मान माझ्याकडे वळवली.

"मैंने बोला था, सिर्फ गर्दन."

"हाँ, बोला था."

"फिर?"

"मेरे को लगा, मेरे को मालूम है."

त्याने उरलेला डोळा खिडकीकडे वळवला. म्हणाला, मी दर वेळी मानेचा रंग बघतो, पट्टा कुठपर्यंत आहे ते बघतो. त्या दिवशी रंगच नव्हता. सगळ्या सारख्या चमकत होत्या. तेव्हाच थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही.

"खलास, अम्मा," तो म्हणाला. "नीचे जाओ. लड़के के पास बैठो."

माफ केलं असं तो म्हणाला नाही आणि मीही मागितली नाही. पोलिसांना त्याने काय सांगितलं ते मला माहीत नाही. ते माझ्याकडे आले नाहीत. आले असते तर मी तेच सांगितलं असतं.

खाली सून बाकावर बसली होती. तिलाही सांगितलं. ती उठली आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. दुपारचे दोन वाजले, मग चार वाजले. सहाच्या सुमाराला डॉक्टर बाहेर आले आणि सुनेशी इंग्रजीत बोलले. मला त्यातलं काही समजलं नाही. सुनेने लांबूनच सांगितलं.

अरबाब एका डोळ्याने जगला. माझा मुलगा जगला, आवाज मात्र गेला.