संघपालची पंपावरची वही

घुग्घुसकडच्या एका कोळसा खाणीत संघपाल अन मी, धनराज, वीस वर्षांपासून पाणी उपसायच्या पंपावर आहोत. पंप चालू केला का मंग तासन्‌तास बसून राहा लागते. बाकीचे पत्ते कुटायचे, संघपाल इंग्रजी कुटायचा. साहेबाचं एक सर्क्युलर त्याले समजलं नाई, सगळे हासले, तेव्हापासून गडी जिद्दीले पेटला.

त्यानं एक वही केली. इंग्रजीत माणूस जिथी अडखळते तेवढंच तिच्यात, अन समजावणं आपल्या घरचं. ‘गिव्ह अप’ अन ‘गिव्ह इन’ मधला फरक मले त्याच वहीतून कळला. गिरजाबाईनं तंबाखू सोडला, ते गिव्ह अप. गाय विकू नका म्हणून ती अडून बसली अन नवरा शेवटी नमला, तो गिव्ह इन. गिरजाबाई म्हणजे संघपालची माय.

पाळी संपली का पंपाच्या रजिस्टरात आमी ‘सर्व ठीक’ असा शेरा मारून सही करतो. संघपालचा हात असा बसलेला, का वहीच्या दर पानाखाली त्यानं तेच लिहून ठेवलं.

“इंग्रजीचाही पंप चालवून राह्यला का बे?” मी चिडवायचो. तो नुसता हासायचा.

आदेश आमच्याच मोहल्ल्यातला. परीक्षेत इंग्रजीनं दोनदा आपटला, तं संघपालनं ड्युटी सुटल्यावर घरी बसवून त्याले वर्षभर शिकवलं. पास होऊन चंद्रपूरले जाताना त्यानं वही मागितली. मी म्हणलं, आधी झेरॉक्स काढून ठेव.

“घरचाच हाये तो,” संघपाल म्हणाला. वही गेली ते गेलीच.

पाच वर्षांनी चंद्रपुरात आदेशसरचा क्लास जोरात. संघपालची पोरगी रोशनी तिथीच जायले लागली. एक दिवस मी संघपालच्या घरी चहा पीत होतो, तं तिनं सरांचं छापील पुस्तक आणून दाखवलं. गायीची गोष्ट जशीच्या तशी. गिरजाबाईची तेवढी रुखमाबाई केली होती. अन दर धड्याखाली ‘सर्व ठीक’. ते काय हाये हे चोराले उमगलंच नाई, म्हणून तसंच छापलं.

“धडा संपला का सर आमाले हे मोठ्यानं म्हणायले लावतात,” रोशनी कौतुकानं म्हणाली. “त्यायची स्टाइल हाये.”

संघपालनं कप खाली ठेवला. “हे माहं हाये, बेटा.”

ती पाह्यतच राह्यली. “बाबा, तुमी तं पंपावर असता,” हळूच म्हणाली. “वही हाये का तुमच्यापाशी?”

दुसऱ्या दिवशी आमी दोघं क्लासात गेलो. आदेशनं सगळ्यांसमोर वाकून “जय भीम, काका” केलं.

“माही वही दे,” संघपाल म्हणाला.

“कोणती वही, काका?”

इतकं गोड बोलला, का माहं डोकंच सणकलं. मी रजिस्टरची गोष्ट सांगायले लागलो तं वर्ग हासला. रोशनी पहिल्या बाकावर होती. मान खाली घालून म्हणाली, “बाबा, घरी जा ना.”

आदेश तं खाल्ल्या घरचे वासे मोजणारा निघाला, त्याले मी जन्मभर शिव्या देईन. पण संघपालले लागलं ते पोरीचं बोलणं.

आता रजिस्टरात तो वेळ लिहिते, पाण्याची पातळी लिहिते, सही करते. शेऱ्याची जागा कोरी ठेवते.

पाळीवरच्या ओव्हरमननं रजिस्टर पाह्यताना विचारलं, “काऊन गा संघपाल, पंप बिघडला का?”

“पंप चांगला हाये, साहेब,” तो म्हणाला, अन पेन खिशाले लावला.