पाचवं शील आणि शाळेसमोरची भिंत

निमगाव केतकीचा बुद्धभूषण पेंटर आपली अक्कल किती, हे आता स्वतःच सांगत फिरतो. तेव्हा मात्र ते त्याला कुणी सांगून पटलं नसतं. शाळेसमोरच्या भिंतीवर त्यानं सोड्याची जाहिरात रंगवली होती. म्हणायला सोडा, पण ते नाव कुठल्या बियरचं आहे, हे पार इंदापुरापर्यंत शेंबड्या पोरालाही ठाऊक. खाली हातभर अक्षरांत 'घोट घ्या, मोठं व्हा' आणि कोपऱ्यात पेंटरची लफ्फेदार सही.

शाळेच्या वाटेवर असल्या जाहिराती नकोत, असा अर्ज भागुबाईंनी ग्रामसभेत दिला. भागुबाई म्हणजे त्याची सख्खी आत्या; उभा जन्म अंगणवाडीत काढलेली. पेंटर लगेच उठला. "आत्या, अक्षरं वाचून कुनी झिंगतंय व्हय? मी सवता थेंबाला शिवत न्हाय." लोक हसले आणि विषय पुढच्या सभेवर गेला. आपण वकीलच व्हायला हवं होतं, असं त्याला घर येईपर्यंत वाटत राहिलं.

दर रविवारी विहारात पोरांना पंचशील तोच द्यायचा. तो पुढं म्हणायचा, पोरं मागून म्हणायची. त्यात त्याची आठवीतली मेघनाही. विहाराच्या भिंतीवर पाचही शीलं अर्थासकट त्यानंच लिहिली होती; पाचवं दारू-नशेपासून दूर राहण्याचं. तीच लफ्फेदार अक्षरं, कोपऱ्यात तीच सही. सभेनंतरच्या रविवारी त्यानं पहिलीतल्या करुणाला विचारलं, "पाचवं शील काय सांगतं गं?"

करुणा ताठ उभी राहिली. "घोट घ्या, मोठं व्हा."

पोरं खिदळली. पेंटरही हसला. "अगं, ते शाळंपाशी हाय."

"पन तुमीच लिव्हलंय की. खाली तुमचंच नाव हाय." पोरीला नुकतंच वाचता येऊ लागलं होतं. जिथं ही सही, तिथलं सगळं शीलच, अशी तिची सरळ समजूत.

मेघना तेवढी हसली नाही. घरी चपला काढता काढता म्हणाली, "पप्पा, फुडल्या रविवारी शील तुमी देऊ नका. तुमच्या मागं म्हनायची मला लाज वाटंल."

पेंटरचं तोंड एवढंसं झालं. ग्रामसभेतलं भाषण तयार होतं, पण ते पोरीपुढं काढायची छाती झाली नाही. त्याला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

सकाळी चुन्याची बादली घेऊन तो भिंतीला भिडला. दुपारपर्यंत भिंत पांढरीफेक. चुना वाळून उडायला लागला तशी दोन दिवसांत अक्षरं पुन्हा डोकं वर काढू लागली. ऑइलपेंटच तो, 'धा वर्सं हलायचा न्हाय' अशी त्यानंच छाती ठोकून हमी दिलेली. आयुष्यात एकच काम चोख केलं आणि नेमकं हेच, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत पॉलिश पेपरनं भिंत घासत राहिला. जाहिरातवाल्याचा फोन आला, तेव्हा "भिंत आजारी हाय" म्हणून ठेवून दिला.

भागुबाई तिथून चालल्या होत्या. "अक्षरांनी कुनी झिंगत न्हाय म्हनला व्हतास. मग घाम कशापायी गाळतुयास?"

"मीच झिंगलो व्हतो, आत्या, माझ्याच अक्षरांनी. फुडच्या सभंला ठराव तू मांड, अनुमोदन मी देतो."

रविवारी तो विहारात गेला आणि पोरांच्या शेवटच्या रांगेत करुणाशेजारी मांडी घालून बसला. गुडघे दुखत होते. पुढं कुणी जाईना, तेव्हा मेघना उठली आणि शील देऊ लागली. पहिली चार त्यानं पोरांच्या आवाजात आवाज मिसळून म्हटली. पाचव्याला पोरांचा आवाज आला, त्याचा आला नाही.

मेघना थांबली. तिनं मागं त्याच्याकडं पाहिलं आणि ते शील पुन्हा, अगदी सावकाश म्हटलं. या वेळी पोरं गप्प बसली, आणि बुद्धभूषण एकटाच तिच्या मागून म्हणाला.