जाऊबाईंचं पुटपुटणं

देवाचं नाव घेऊन लिहायला बसले, पण डोकं अजून तापलेलंच आहे. आज तो बोलीभाषा गोळा करत फिरणारा भाषावाला पुन्हा आला होता.

आमच्या जाऊबाई ब्लाउज शिवतात. त्यांच्या माहेरची बोली आता दोघींनाच येते, त्यांना आणि मागच्या गल्लीतल्या धाकट्या बहिणीला. आमच्या घरात ती कुणालाच कळत नाही, म्हणून शिवताना जाऊबाई त्याच बोलीत पुटपुटतात. गिऱ्हाइकांना, सासरच्यांना, मलाही यथेच्छ शिव्या घालत असणार. विचारलं तर म्हणतात, "मापं घोकतेय."

गेल्या वर्षी हा भाषावाला जाऊबाईंकडून त्या बोलीतल्या गोष्टी रेकॉर्ड करायला आला. गोष्टी संपल्या, तरी यंत्र तसंच चालू ठेवून फोनवर बोलायला बाहेर गेला. जाऊबाई सवयीनं पुटपुटत बसल्या: आईच्या आजारपणात धाकटी फिरकली नाही, रडायला मात्र सगळ्यांच्या पुढे. बोलता येत नसली तरी अभ्यास करून याला ती बोली कळायला लागलेली; यानं ते मराठी अर्थासकट इंटरनेटवर टाकलं. धाकटीच्या सुनेनं तिला आवर्जून ऐकवलं. तेव्हापासून धाकटीचं दार बंद. जाऊबाईंना बोलायला माणूसच उरलं नाही.

आज म्हणतो कसा, "ताई, असं सहज बोलणं फार मोलाचं असतं. आणि तुम्ही परवानगी दिली होतीत."

"गोष्टींना दिली होती, मेल्या! माझ्या पोटातलं चव्हाट्यावर मांडायला नाही."

"बरं, काढून टाकतो. पण आणखी थोडं बोललात तर..."

"आधी काढ. माझ्या डोळ्यांदेखत."

त्यानं मोबाइलवर काढलं. मी विचारलं, "आणि लोकांनी उतरवून घेतलं असेल, ते?" तो मोबाइल खिशात घालायला लागला.

जाऊबाईंनी कात्री ठेवली. "चल धाकटीकडे. तूच सांग तिला."

मीही निघाले. असला तमाशा कोण सोडतं!

धाकटीनं दार उघडलं, त्याला पाहिलं आणि जी सुरू झाली! मला अक्षर कळलं नाही, पण तो पांढराफटक पडला. त्याला सगळं कळत होतं ना. मग तिनं मोर्चा जाऊबाईंकडे वळवला. जाऊबाई कुठल्या ऐकतात? उंबऱ्यावरच दोघी एकमेकींवर तुटून पडल्या. याचा हात हळूच पिशवीतल्या यंत्राकडे गेला.

"हात बाहेर!" मी ओरडले. "नीघ इथून!"

गेला एकदाचा. कुकर लावायचा होता म्हणून मीही परतले. जेवायची वेळ झाली तरी जाऊबाईंचा पत्ता नाही.

देवा, भांडू दे दोघींना पोटभर. त्या माणसाचं तू बघ. त्याच्यासाठी मी काही चांगलं मागणार नाही.