हदगावचा कापूस आणि माझं मशीन

सोनं शोधायचा नाद मला चाळीसेक वर्षांपासून आहे आणि एवढ्या वर्षांत सापडलेलं सगळं सोनं माझ्या करंगळीच्या नखावर मावतं. नख कापलेलं असलं तरी मावतं.

सुरुवात नांदेडला झाली. गोदावरीच्या घाटावर लोक पाण्यात नाणी टाकायचे आणि मी सुताच्या दोरीला लोहचुंबक बांधून तळ खरवडायचो. एखाद्या सावकारिणीची नथ नक्की चिकटून येणार, अशी खात्री होती. खिळे आले, टाचण्या आल्या, एकदा आख्खा अडकित्ता आला. सोनं चुंबकाला चिकटत नाही हे कळायला मला दोन उन्हाळे लागले.

पुढं लातूरला हार्डवेअरचं दुकान टाकलं. सराफ लाइनीत एक झारेकरी होता. सोनारांच्या दुकानातला केरकचरा विकत घेऊन तो पाण्यात धुवायचा. त्यानं पाटी फिरवली की तळाशी पिवळी रेघ उरायची. मी फिरवली की सोनं गटारात आणि गटार माझ्या विजारीत. आठ दिवस त्यानं सहन केलं. नवव्या दिवशी म्हणाला, "शेठ, तुम्ही दुकानातच बसा. तिथं निदान खिळे तरी मोजून येतेत."

मग मशीन घेतलं. लांब दांडा, खाली ताटाएवढी चकती, कानाला हेडफोन. जमिनीत धातू असला की कुईं करतं. पण ज्यांनी ते बनवलं त्यांनी मराठवाड्याची काळी माती पाहिलेली नसावी. आपल्या मातीतच लोहाचा अंश एवढा, की मशीन शेतात पाऊल ठेवताच बोंब मारायला लागतं आणि बांधावर आल्यावरच गप्प बसतं. तरी मी हटलो नाही. बटणं फिरवून फिरवून त्याला थोडंफार वळण लावलं. नांगराचे तुटके फाळ, चुन्याच्या डब्या, बैलाच्या गळ्यातली घंटी असा माल गोळा झाला. लोक विचारायचे, "पायाळू हाव का तुमी?" पायाकडून जन्मलेल्याला जमिनीतलं धन दिसतं म्हणतात. मी डोक्याकडून जन्मलो. त्या डोक्याचा पुढं फारसा उपयोग झाला नाही, एवढंच.

गेल्या दिवाळीनंतर अक्काचा फोन आला. माझी थोरली बहीण हदगावजवळच्या एका गावात दिलेली आहे. कापसाची वेचणी चालू होती. "तुझं ते वाजणारं घेऊन ये," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला मशीनसकट बोलावलं होतं. मी पहिली एसटी पकडली.

झालं होतं असं. अक्काच्या शेतात वेचायला येणाऱ्या एका नव्या सुनेचं डोरलं हरवलं. काळ्या मण्यांच्या पोतीत दोन सोन्याच्या वाट्या, लग्नातलं तेवढंच सोनं. संध्याकाळी घरी जाऊन पाहते तर गळा मोकळा. त्या दिवशी दुपारी शेजारच्या ओळीतल्या एका बाईनं तिच्या मानेमागं झोळीची गाठ मारून दिली होती. कापूस वेचताना बायका चादरीची झोळी करून पुढं बांधतात, तिचं एक टोक मानेमागं जातं. मानेला हात लागला तो तिचाच. बस, गावाला तेवढं पुरलं. कुणी तोंडावर चोर म्हटलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून तिला वेचणीला बोलावणं येईना. ऐन हंगामात. विधवा बाई, वीस वर्षं त्याच गावातल्या शेतांत राबलेली.

मी गेलो तेव्हा ती बांधावर हाताची घडी घालून उभी होती.

"तुमीच का ते मामा?" अक्काचा भाऊ म्हणून आख्ख्या गावाचा मी मामा. "हुडका मग. हुडकल्याबिगर जाऊ नका."

मी शब्द दिला. शब्द द्यायला मी कधीच मागंपुढं पाहत नाही.

तीन दिवस मी ते शेत विंचरलं. बायका जेवायला कुठं बसल्या, पाणी कुठं प्याल्या, लिंबाच्या सावलीत कोण कुठं टेकलं, सगळं विचारून घेतलं आणि तिथली जमीन हातभर उकरली. दाजींनी, म्हणजे अक्काच्या मालकांनी, विचारलं, "मेव्हणे, हरभऱ्याची तयारी करून राहिले का काय?" तीन दिवसांत सापडलं ते असं: बिअरच्या बाटलीची दोन झाकणं, ट्रॅक्टरचा एक नट आणि दाजींचा सहा वर्षांपूर्वी हरवलेला विळा. विळा पाहून दाजी खूश झाले. ती बाई झाली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी धापा टाकत बांधावर बसलो, तेव्हा तिनं तांब्या पुढं केला आणि म्हणाली, "मामा, एक इचारू? आमी जेवलो कुठं ते समदं इचारलं तुमी. आमी काम काय करत होतो ते न्हाई इचारलं."

"कापूस वेचत होता."

"वाकून वेचताव. गळ्यातलं तुटलं तर कुठं पडंल?"

मी पाणी प्यायचा थांबलो. झोळीत. गाठ मारताना पोतीचा दोरा तिच्या हातानं ताणला गेला असणार, सून पुढं वाकल्यावर तुटला असणार, आणि डोरलं कापसात. कापूस संध्याकाळी वजनाच्या काट्यावर, काट्यावरून अक्काच्या घरात. एवढं साधं. मी तीन दिवस जमीन उकरत होतो आणि सोनं घरात मऊ गादीवर झोपलेलं.

घरी पळालो, ती बाई मागोमाग. ओसरीला लागून असलेल्या खोलीत माझ्या छातीएवढा कापसाचा ढीग. दाजी म्हणाले, "उद्या सकाळी गाडी येणार हाय. माल भरला की जिनिंगला."

"आज ढीग उचकावा लागेल."

"कापसाला कचरा लागला म्हंजे?"

"दाजी," अक्का बोलते तशा आवाजात मी म्हणालो, "लागू द्या."

मी काटेकोर माणूस आहे. मशीन हातात घ्यायच्या आधी घड्याळ काढतो, अंगठी काढतो, पट्टा काढतो, खिशातल्या किल्ल्यासुद्धा. सगळं काढून ढिगासमोर उभा राहिलो. चकती वर उचलली आणि कापसावरून फिरवली. कुईं! स्वच्छ, खणखणीत. काळ्या मातीतली ती बोंब नाही, खरा आवाज. मी ओरडलो, "इथंच!"

तिथला कापूस काढला. काही नाही. डावीकडं सरकलो. कुईं! काढला. काही नाही. उजवीकडं, कुईं. सगळीकडंच कुईं. जिथं मी, तिथं सोनं. तासाभरात खोली अशी झाली की आत कापूस आहे की कापसात आम्ही आहोत ते कळेना. दाजींच्या मिशा पांढऱ्या झाल्या. नवी सून दारात पदर तोंडाशी धरून उभी, तिच्या डोळ्यांत प्रत्येक आवाजाला आशा यायची आणि जायची. ते मला बघवेना, म्हणून मी आणखी जोरात चकती फिरवली.

शेवटी ती बाईच म्हणाली. "मामा, ढिगात न्हाई. तुमच्यातच वाजून राहिलं. गळ्यात काय हाय?"

मी शर्टात हात घातला. इष्टलिंगाची चांदीची डबी. आम्ही लिंगायत. आठ वर्षांचा असताना दीक्षा झाली तेव्हापासून गळ्यात आहे. अंघोळीला नाही निघत, झोपेत नाही निघत. ती धातूची आहे हे मला कधी सुचलंच नाही. आपलं नाक हाडाचं आहे हे कोण ध्यानात ठेवतं? शेतात चकती पायाशी होती, म्हणून डबी गप्प राहिली. इथं ढीग छातीला आला आणि मी तासभर स्वतःलाच शोधत राहिलो.

"काढा की मग," दाजी म्हणाले आणि लगेच जीभ चावली. त्यांच्याही गळ्यात तीच होती. काढायचा प्रश्न नव्हता.

"पाठीवर टाका," बाई म्हणाली.

डबी पाठीवर टाकली. वरून अक्कानं टॉवेलानं करकचून बांधली. पुन्हा चकती फिरवली. शांत. एवढं शांत, की मला भीती वाटली. आता मात्र मी एक रीत धरली. चादरभर कापूस काढायचा, चकतीखालून न्यायचा, नाही वाजला की ओसरीवर टाकायचा. अक्का काढायची, ती बाई पसरायची, नवी सून वाहून न्यायची. दाजी तोंडानं नको नको म्हणत होते आणि हातानं चादरी धरत होते. पाठीत कळ आली, हात भरून आले. दाजी म्हणाले, "राहू द्या आता." मी म्हणालो, "ढीग संपल्यावर." ओसरी भरली, मग अंगण.

सतराव्या का अठराव्या चादरीला मशीन वाजलं. बारीकसं, कोरडं. मी आधी स्वतःला तपासलं. मग चादरीतल्या कापसाचे दोन भाग केले. एक गप्प, एक वाजला. वाजला त्याचे पुन्हा दोन. पुन्हा दोन. शेवटी मुठीएवढा कापूस उरला. तो मी त्या बाईच्या हातात दिला. तिनं बोंडाच्या पाकळ्या उकलाव्यात तसा उकलला. काळे मणी, तुटका दोरा, दोन वाट्या.

नवी सून रडायलाच लागली. हात पुढं करून म्हणाली, "मावशी, द्या."

"थांब," बाई म्हणाली. "गळ्यात घालू नको इतक्यात." मग माझ्याकडं वळली. "मामा, मशीन घ्या. चला."

"कुठं?"

"जिथं जिथं माझं नाव घेतलं तिथं."

मग आमची वरात निघाली. पुढं ती, मागं पाठीला टॉवेल बांधलेला आणि केसात कापूस अडकलेला मी, त्यामागं नवी सून, अक्का आणि दाजी. पहिली थांबली ती पिठाच्या गिरणीवर, कारण बोलणं तिथूनच निघालं होतं. तिनं डोरलं पायरीवर ठेवलं. "वाजवा." मी वाजवलं. "आता सांगा, कुठं गवसलं."

"कापसात," मी म्हणालो.

"मोठ्यानं."

मी मोठ्यानं सांगितलं. गिरणीवाला म्हणाला, "मग तीन दिस शेतात काय करून राहिलते?" तेही सांगावं लागलं. पुढच्या घरी डबीचंही सांगावं लागलं, कारण दाजींना राहवेना. लोक माझ्यावर हसत होते. हसता हसता एक म्हातारी तिला म्हणाली, "उद्या आमच्याकडं ये गं येचायला." तिनं मान हलवली नाही. "सकाळी सांगते," एवढंच म्हणाली.

असं एकेक दार करत आम्ही वेशीकडच्या शेवटच्या घरी आलो. कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, रानात गेलीत, दिवस मावळल्यावर येतील. दाजींनी सुस्कारा टाकला. घरी अंगणभर कापूस उघडा पडला होता.

"एक घर राहिलं तर काय होतंय," ते म्हणाले.

ती त्या घराच्या पायरीवर बसली. डोरलं मुठीत होतं. "बसा मामा," ती म्हणाली. "येतील."

मी तिच्या शेजारी बसलो आणि बॅटरी पुरावी म्हणून मशीन बंद केलं.