दोघांचा भात का उरतो?

कपड्यांच्या कारखान्यात सुटीची घंटा झाली की दारावर ती उभी असायची. बायकांच्या पिशव्या, डबे, छत्र्या तपासायच्या आणि मगच त्यांना बाहेर सोडायचं, हे तिचं काम. सगळे तिला झडतीबाई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. तिला राग यायचा नाही. एकदा तिने डब्याच्या दुहेरी झाकणातून लेसची गुंडाळी काढली होती, तेव्हापासून तर तिच्यासमोर पोरी आपणहून पिशव्या उलट्या करायच्या.

अडचण एवढीच, की गणवेश घरी आल्यावर खुंटीला लागायचा, झडती घेणारे डोळे मात्र खुंटीला लागायचे नाहीत. नवऱ्याच्या सदऱ्याचे खिसे ती धुण्याआधीही बघायची आणि धुतल्यावरही. नवरा पाण्याचे पंप दुरुस्त करणारा, स्वभावाने थंड. तो हसून सोडून द्यायचा. मुलगी मात्र बापावर गेली नव्हती. चष्म्याच्या दुकानात नोकरी करणारी, कमावती पोर. एका संध्याकाळी घरी आली तर आईने तिची पर्स पलंगावर रिकामी केलेली. मुलीने सामान परत भरलं आणि आठवड्याच्या आत लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर एकटीसाठी खोली घेतली.

"त्या खोलीचं नाव या घरात निघायला नको," असं झडतीबाईने बजावलं. नवऱ्याने तोंडात मिठाची गुळणी धरली.

आणि मग भात उरायला लागला.

पहिल्यांदा तिला वाटलं, हाताची सवय आहे, तिघांचं माप पडतंय. तिने तांदूळ कमी केले. तरी उरला. पीठ कमी मळलं, तरी उरलं. तिघांतलं एक माणूस गेलं, तर एका माणसाचं उरावं. इथे पातेलं अर्धं राहायचं. पिठाचा डबा संपता संपत नव्हता. झडतीबाईच्या मनात पाल चुकचुकली. हिशेब जमत नाही, म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय.

"अहो, जेवत का नाही नीट?"

"भूकच नाही गं. उन्हाचं काम, दिवसभर नुसतं पाणी पितो."

ऊन? आभाळ भरलेलं होतं. तिने रात्री सदरा हुंगला तर ग्रीसच्या वासाखाली फोडणीचा वास. तिने दुसऱ्या दिवशी पुन्हा हुंगला. कांदा. तिसऱ्या दिवशी तर बाहीवर हळदीचा डाग. खानावळीत जेवणाऱ्याच्या बाहीला हळद लागत नाही. ती लागते स्वयंपाकात लुडबुड करणाऱ्याला. आणि या माणसाने या घरात आयुष्यात कधी कांदा चिरला नव्हता!

कुणाच्या घरी चिरतोय मग?

तिने शेजारणीला आडून विचारून पाहिलं. शेजारीण म्हणाली, "या वयात पुरुषांची भूक मेली की समजावं, दुसरीकडे भागते." ती हसत म्हणाली, पण झडतीबाईला तो घास गिळवेना. आता तिची स्वतःची भूकही गेली. ताटात दोन घास फिरवायचे आणि समोरच्याकडे बघत बसायचं. पातेल्यात अजूनच उरायला लागलं आणि उरलेला प्रत्येक घास तिला पुरावा वाटायचा.

शेवटी पोटात दुखतंय असं सांगून ती कामावरून लवकर निघाली. नवरा एका इमारतीत पंप बसवत होता. ती समोरच्या दुकानाच्या आडोशाला थांबली. काम उरकून तो निघाला. वाटेत त्याने कोथिंबीर घेतली, हुंगून, निवडून. घरी आणायचा तेव्हा हा माणूस पिवळी पडलेली जुडी उचलायचा. पुढे तो एका गल्लीत वळला, जिना चढला. वरून बाईचं हसणं ऐकू आलं.  आपण कुठल्या इमारतीत शिरतोय हेही झडतीबाईने पाहिलं नाही. धाडधाड चढली आणि दार ठोठावलं.

दार मुलीने उघडलं.

आत नवरा खाली बसून टोमॅटो चिरत होता. सुरी हातातच राहिली.

"ये," मुलगी म्हणाली. "पर्स खुंटीला आहे. बघून घे."

झडतीबाईचा संशय खोटा ठरला होता, आणि तरी आत कुठेतरी जास्तच दुखत होतं. "मला का नाही सांगितलंत?" ती नवऱ्याला म्हणाली.

"नाव निघायला नको म्हणाली होतीस," तो म्हणाला.

मुलीनेच मग सांगितलं. "एकटीपुरतं रांधताच येत नाही गं. एका माणसाचा भात भांड्याच्या बुडालाच लागतो. कोबी आणला की चार दिवस कोबी. अर्धं फेकायचे, नाहीतर न जेवताच झोपायचे. बाबांना कळलं, तेव्हापासून ते येतात. समोर कुणी असलं की जेवण जातं."

झडतीबाई खाली बसली. मुलीने वाढलं. भाजीत तिखट जास्त होतं, ते तिने बोलून दाखवलं आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

मुलगी घरी परतली नाही. पण कोबी, तांदूळ, पीठ एकत्र आणून वाटून घ्यायचं ठरलं, आणि सुटीच्या दिवसाचं जेवण तिघांनी लाँड्रीवरच्या खोलीत करायचं. झडतीबाईचा संशय काही मेला नाही. जन्माची खोड ती. काही महिन्यांनी तिच्या ध्यानात आलं, की मुलीकडचे तांदूळ आता भराभर संपतात. बाप तर आता घरीच जेवत होता. म्हणजे त्या खोलीत आणखी कुणीतरी जेवतंय, आणि चांगलं दणकून जेवतंय. तिची जीभ वळवळली. पण ती गप्प राहिली. मुलीच्या वाट्याचा डबा भरून द्यायची, थोडे जास्तच तांदूळ घालून, आणि घरी येऊन रात्रभर कूस बदलायची.

एका सुटीच्या दिवशी मुलीच्या खोलीच्या दाराशी एक लाजरा, उंच वायरमन उभा होता. मुलगी म्हणाली, "आई, हे..."

"बसा," झडतीबाई म्हणाली. "आधी जेवून घ्या."