चिंचोक्याएवढी गाठ

"मामा, आई गेली," भाचा फोनवर म्हणाला. त्याला महिना झाला. पण कमलताई आठवते ती म्हातारी नव्हे, नागपूरच्या दवाखान्यात गळ्याला पट्टी बांधून हसणारी...

भिलाईचा कारखाना उभा होत होता तेव्हा ताई तिथं रेजा, म्हणजे बांधकामावरची मजूर होती, डोक्यावरून काँक्रीटची घमेली वाहायची. मी दुर्गला रेल्वेत खलाशी. एवढी दणकट बाई, पण तिचे पाय दुखायला लागले, दोनदा मुतखडा झाला आणि एक दिवस घमेलं उचलताना हाताचं हाड मोडलं. मुकादम म्हणाला, नखरे करते. पुढे तर ती भिंत धरून चालू लागली.

कारखान्याच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तिच्या बोटांचा एक्सरे उजेडाला धरला, तो बराच वेळ खाली घेतलाच नाही. मग रक्त तपासलं. गळ्यात थायरॉइडच्या मागे चार बारीक ग्रंथी असतात, एखादी वाढली की हाडांतलं कॅल्शियम रक्तात ओढून काढते, असं त्यांनी समजावलं. ती काढली की ताई बरी होणार, हे सांगताना त्यांचा आवाज चढला होता. असा आजार त्यांनी पुस्तकातच वाचला होता.

"पाय दुखून राहिले, अन् गळा कावून कापता?" ताईनं विचारलं.

"कारण चोर तिथं बसलाय."

नागपूरला सर्जनना तीन ग्रंथी सापडल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या. चौथी सापडेना. बाहेर मी आणि भाऊजी, तास उलटत होते... शेवटी ती पार खाली, छातीच्या हाडामागे दडलेली निघाली. सर्जननी बाटलीत आणून दाखवली. चिंचोक्याएवढी, तांबूस. मला ओरडावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या ओठांना मुंग्या आल्या, बोटं आखडली. मी घाबरून धावलो. सर्जन मात्र शिरेतून कॅल्शियम सोडता सोडता खूश होते. "हाडं उपाशी होती. आता सगळं तीच ओढून घेतायत."

"खाऊ द्या त्याहिले," ताई म्हणाली.

काही महिन्यांनी कोहक्याला ताईच्या घरी गेलो, तर ती विहिरीवरून येत होती, दोन हातांत दोन भरलेल्या बादल्या. मी पुढं झालो. "हात नको लावू. मले उचलू दे." पुढे घरात नळ आला, तरी रोज सकाळी अंगणात तिच्या दोन बादल्या भरलेल्या असायच्या.

परवा गेलो, तेव्हाही होत्या. मी सुनेकडे पाहिलं.

"मीच भरल्या, मामाजी," ती म्हणाली. "खाली बाल्टी देखी नहीं जाती..."